पावसाळ्यात कुंडीतील ऑर्किड कुजत आहेत: नेमके औषध कोणते?

बाल्कनीतली_जाई | १४ जुलै, रात्री ९:२०

नमस्कार. मी कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. पूर्वेकडच्या गॅलरीत माझ्याकडे ऑर्किडच्या सतरा कुंड्या आहेत: नऊ फॅलेनॉप्सिस, सहा डेंड्रोबियम आणि दोन ऑन्सिडियम. उन्हाळाभर सगळी झाडे उत्तम होती. जून संपता संपता पावसाची झड लागली आणि गेल्या दहा दिवसांत तीन झाडांना कुजीने गाठले.

पहिले झाड फॅलेनॉप्सिसचे. त्याच्या खालून दुसऱ्या पानावर सोमवारी संध्याकाळी नखाएवढा डाग दिसला. तेवढाच भाग उकडलेल्या पालेभाजीसारखा ओलसर आणि पारदर्शक झाला होता. मंगळवारी सकाळी डाग दोन बोटे रुंद झाला आणि बुधवारी पान जरा उचलायला गेले, तर ते बुडापासून सुटून हातात आले आणि बोटांना घाण वासाचे पाणी लागले. दुसरे झाड डेंड्रोबियमचे. त्याचा वीतभर वाढलेला नवा कोंब बुडाशी जांभळट काळा पडला आणि हलकेच ओढताच उपटून आला. तिसरेही फॅलेनॉप्सिसच आहे. त्यावर एकही डाग नाही, पण पाने मऊ पडून सुरकुतली आहेत. तहानले असेल असे समजून मी त्याला दोन आठवडे जास्त पाणी देत होते.

तिन्हींवर मी कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब यांचे तयार मिश्रण लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून दोनदा फवारले. जिथून झाडे घेतली, त्या विक्रेत्याने हे एकच औषध सगळ्या कुजींवर चालते असे खात्रीने सांगितले होते. मला तरी काडीचाही उपयोग दिसला नाही. कोणते औषध वापरावे, आणि उरलेल्या चौदा झाडांना वाचवण्यासाठी ही तीन झाडे टाकून द्यावीत का? ही झाडे मी एकेक करून जमवली आहेत, त्यामुळे जीव तुटतो आहे.

हिरवा_कोपरा | १४ जुलै, रात्री ९:३५

सर्वप्रथम ती तीन झाडे बाकीच्यांपासून दूर, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला हलवा आणि आज रात्री कोणालाही पाणी घालू नका.

बांधावरून | १४ जुलै, रात्री १०:५०

जाईताई, तुमच्या वर्णनावरूनच बरेचसे निदान होते आहे. तुमच्या तीन झाडांना तीन वेगळे आजार आहेत, आणि त्या विक्रेत्याचा सल्ला नेमका इथेच चुकला. मी कृषी खात्यात नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर गेली बारा वर्षे ऑर्किड सांभाळतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिले झाड: पाणथळ डाग, दोन दिवसांत सगळे पान आणि दुर्गंधी, ही जिवाणूंची मऊ कूज आहे. या जिवाणूंना पूर्वी सरसकट एर्विनिया म्हणत, आता त्यांची पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया अशी विभागणी झाली आहे. चाळीतला कांदा आणि साठवणीतला बटाटा आतून पाणी होऊन सडतो आणि नाक धरायला लावतो, त्यामागेही याच कुळातले जिवाणू असतात. पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन ते विरघळवतात, म्हणून पानाचा आकार राहतो पण आत लगदा होतो. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे. जिवाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

दुसरे झाड: ही काळी कूज आहे आणि ती फायटोफ्थोरा किंवा पिथियम यांमुळे होते. त्यांना आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण ते खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. बुरशीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, यांच्या प्रामुख्याने सेल्युलोजच्या. यांचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने चक्क पाण्यात पोहतात, त्यामुळे एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर उडालेला पाण्याचा शिंतोडा त्यांना पुरतो. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनावर घाव घालते, यांच्यावर ते चालत नाही. मिश्रणातले मँकोझेब चालते, पण ते पानाच्या पृष्ठभागावरच राहते, आत शिरलेल्या रोगापर्यंत पोहोचत नाही. नाशिककडच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, भुरीचे औषध वेगळे आणि केवड्याचे वेगळे हे त्याला पाठ असते. केवडा याच कुळातला. त्यावर जी आंतरप्रवाही औषधे चालतात, म्हणजे मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम, तीच काळ्या कुजीला लागू पडतात. कृषी सेवा केंद्रात घटकाचे नाव सांगून मागा, 'ऑर्किडचे औषध' म्हणून मागू नका.

तिसरे झाड: बहुधा मूळकूज. मुळे मेली की पाने तहानलेल्या झाडासारखीच दिसतात, आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळेही जातात. उद्या उजेडात कुंडी उलटी करून पाहा आणि काय दिसते ते इथे लिहा. टाकून द्यायचा निर्णय त्यानंतर घेऊ.

पेठेतली_कुंडी | १५ जुलै, सकाळी ७:१०

मला इतक्या रसायनांची गरज वाटत नाही. आमच्या वाड्यातल्या खिडकीत सहा फॅलेनॉप्सिस आहेत. डाग दिसला की मी तो कापते आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड दाबून भरते. मेडिकलमधले हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की रोगट जागी फेस येतो आणि कूज कुठवर गेली आहे तेही कळते. आजवर माझे एकच झाड दगावले आहे.

रसायनशाळा | १५ जुलै, दुपारी १:४०

पेठेतली_कुंडी, दालचिनीबाबत मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे आणि फेसाबाबत मुळीच नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते.

बटाट्याची ताजी, निरोगी फोड घेऊन तिच्यावर तीन टक्क्यांचे पेरॉक्साइड टाकून पाहा, तिथेही भरपूर फेस येईल. जिवंत पेशींत कॅटलेज नावाचे विकर असते, ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन करते आणि तोच ऑक्सिजन फेसाच्या रूपाने दिसतो. म्हणजे फेस ही रोगाची खूण नाही, आणि कुंडीभर ओतलेले पेरॉक्साइड मुळांची कोवळी टोकेही जाळते. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड बुरशीरोधक आहे आणि तिची पूड जखम कोरडी करते, हे खरे आहे. मात्र ती पान किंवा कांडीच्या छेदावरच लावावी. मुळांवर टाकली तर ती निरोगी मुळांनाही सुकवते. पुढे सरकणारी कूज तिने थांबत नाही. तुमची झाडे वाचली त्याचे श्रेय मी दालचिनीपेक्षा तुमच्या वेळीच चालवलेल्या ब्लेडला देईन.

पेठेतली_कुंडी | १५ जुलै, दुपारी २:०५

बटाट्याचा प्रयोग आत्ताच करून पाहिला. खरोखरच फेस आला. पेरॉक्साइडविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेते. दालचिनी मात्र सोडणार नाही.

बाल्कनीतली_जाई | १५ जुलै, रात्री ८:३०

बांधावरून काका, आज तिसरी कुंडी उलटी केली. जे दिसले ते लिहिते.

वरचे मॉस (मातीऐवजी भरतात ते वाळवलेले शेवाळ) कोरडे होते, बोटांना कुरकुरीत लागत होते. पण झाडाच्या बुंध्याखाली मधोमध लिंबाएवढा एक घट्ट गोळा निघाला. रोपवाटिकेत रोप लहान असताना ज्या मॉसच्या गुंडाळीत ते लावले होते, तीच गुंडाळी तशीच राहिली होती. चिमटीत दाबली तर चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी पाणी निघाले आणि कुबट वास आला. मुळे मोजली, ती चौदा होती. त्यांतली अकरा बोटांच्या चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी सरकून आली आणि आत शिवणाच्या दोऱ्याएवढी तार तेवढी उरली. तीन मुळे टणक आहेत. पाणी लागताच ती रुपेरी रंगावरून हिरवी झाली. ही तीन मुळे कुंडीच्या कडेला, पारदर्शक प्लॅस्टिकला चिकटून वाढलेली होती.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ही प्लॅस्टिकची कुंडी मी शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवली होती आणि त्या कुंडीला खाली भोकच नाही. तळाशी बोटभर पाणी साचलेले होते.

बांधावरून | १५ जुलै, रात्री ९:४५

मधला गोळा ओला राहतो आणि वरचे मॉस कोरडे दिसते, म्हणून आपण वर बोट लावून फसतो. नवे फॅलेनॉप्सिस घरी आले की फुले उतरल्याबरोबर तो गोळा काढून टाकणे हे पहिले काम समजावे.

आता या झाडाचे असे करा. मेलेली अकरा मुळे बुंध्याशी कापा, दोरा ठेवण्यात अर्थ नाही. झाड एक रात्र तसेच, कोरड्या जागी आडवे ठेवा म्हणजे जखमा सुकतील. नंतर तीन मुळे जेमतेम मावतील इतक्या लहान कुंडीत लावा. मोठी कुंडी दिली तर मुळे पाणी पिऊ शकत नाहीत आणि माध्यम पुन्हा ओलेच राहते. एरवी मी पावसाळ्यात कुंडी बदलू नका असे सांगतो, परंतु कुजलेल्या झाडासाठी मुहूर्त पाहायचा नसतो.

पहिल्या झाडाच्या डागाच्या पुढे किमान बोटभर निरोगी भाग जाईल असे पान कापा. शंका असेल तर सबंध पान काढा. प्रत्येक कापणीसाठी नवे दाढीचे ब्लेड घ्या, किंवा कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून थंड होऊ द्या. ही काळजी केवळ कुजीसाठी नाही. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन विषाणू कात्रीवरूनच घरभर पसरतात आणि त्यांवर औषधच नाही.

डेंड्रोबियमचे आडवे खोड कापताना छेद नीट पाहा. पांढरट हिरवा गर दिसेपर्यंत कापत जा. छेदात जांभळ्या रंगाचे कडे दिसले तर ती फ्युजेरियमची मर असण्याची शक्यता आहे, तिथे निर्णय वेगळा घ्यावा लागेल.

माडाच्या_सावलीत | १६ जुलै, सकाळी ६:५०

मी मूळचा गुहागरकडचा, आता सिंहगड रोडला राहतो. काळ्या कुजीचे वर्णन वाचून मला आमची वाडी आठवली. माडाचा कोंब कुजतो, मधली सुई ओढली की हातात येते आणि सडका वास सुटतो, तो फायटोफ्थोराचाच प्रताप असतो. सुपारीवरचा कोळे रोगही त्याच्याच भाईबंदांचा. आमचे वडील पावसाळ्याच्या तोंडावर मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करायचे आणि माणूस माडावर चढवून फवारून घ्यायचे. पाऊस सुरू झाल्यावर औषध शोधायला निघालेल्या माणसाला ते उशिरा उठलेला म्हणत. मग ऑर्किडवरही पावसाआधी बोर्डो मारले तर चालणार नाही का?

बांधावरून | १६ जुलै, सकाळी ९:१५

तुमच्या वडिलांचे वेळेचे गणित अगदी बरोबर होते, पण ऑर्किडवर तांबे जपून वापरावे लागते. डेंड्रोबियमला तांबे सोसत नाही, पाने जळतात. फुलांवर असलेल्या कोणत्याही ऑर्किडवर ते मारू नये. फॅलेनॉप्सिसवर जिवाणूजन्य कुजीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड सौम्य प्रमाणात वापरणारे लोक आहेत, परंतु फोसेटिल ॲल्युमिनियम आणि तांबे एकत्र कधीही करू नका. फोसेटिलचे द्रावण आम्लधर्मी असते, त्यात तांबे जास्त विरघळते आणि झाड भाजून निघते.

जाईताईंसाठी सांगायचे तर डेंड्रोबियमला फोसेटिल ॲल्युमिनियम लिटरला दोन ग्रॅम द्या. ते झाडात वरही जाते आणि खाली मुळांकडेही उतरते, म्हणून फवारणीही चालते आणि कुंडीत ओतणेही चालते. दोन आठवड्यांनी एकदाच पुन्हा द्या. त्या कुंडीच्या आजूबाजूला असलेल्या डेंड्रोबियमनाही द्या. बाकीच्या निरोगी झाडांवर औषधाचा मारा करू नका.

दोन_चिमण्या | १६ जुलै, दुपारी १२:२०

औषधांविषयी एक कळकळीची विनंती. पुण्यातल्या सोसायट्यांत एकाच्या गॅलरीखाली दुसऱ्याचे वाळत घातलेले कपडे असतात आणि खेळणारी मुले असतात. फवारणी गॅलरीत न करता झाड न्हाणीघरात नेऊन करावी, हातमोजे आणि मास्क घालावा, स्वयंपाकघरातला चमचा आणि माप वापरू नये. पाकिटावरचा त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. दोन ग्रॅम अंदाजाने घेता येत नाहीत. सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा मी याच कामासाठी घेतला आहे. उरलेले द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची चूक आमच्या ओळखीत एकांनी केली होती आणि थोडक्यात अनर्थ टळला.

घाटवाट | १६ जुलै, रात्री १०:३०

सगळी चर्चा औषधावर चालली आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो.

मी गेली अनेक वर्षे पावसाळ्यात ताम्हिणीत जातो. तिथे पुण्याच्या कित्येक पट पाऊस पडतो. जांभळाच्या आणि आंब्याच्या खोडांवर सीतेची वेणी आणि इतर आमरी, म्हणजे रानातली ऑर्किड, चार महिने अक्षरशः धुऊन निघतात. मागच्या ऑगस्टमध्ये मी एका आडव्या फांदीखाली बराच वेळ उभा होतो. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत वारा सुटला आणि पानांच्या टोकांवरचे थेंब गळून गेले. मुळे सालीवर उघडीच पसरलेली होती, बोटाएवढी जाड, आणि पाऊण तासात त्यांचा हिरवा रंग पुन्हा रुपेरी होऊ लागला. पाने बाहेर झुकलेली असल्यामुळे पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या शेंड्यात, पाणी टिकतच नव्हते. फॅलेनॉप्सिसही जंगलात असेच कलते, पाने खाली सोडून वाढते. आपण त्याला कुंडीत सरळ उभे करतो आणि त्याच्या पोंग्याची वाटी होते.

म्हणून मला वाटते की पाणी हा झाडाचा शत्रू नाही. मुळांभोवती कोंडलेली, हवा नसलेली ओल त्याला मारते. जाईताई, गॅलरीला कबुतरांसाठी जाळी आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा पडदा लावला आहे का?

(हे वाचून कोणी जंगलातून झाडे आणू नयेत ही विनंती. ताम्हिणी अभयारण्य आहे, आणि तुटलेल्या फांदीवरचे झाडही तिथेच दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात ठेवावे.)

बाल्कनीतली_जाई | १७ जुलै, सकाळी ८:००

घाटवाट, दोन्ही आहेत. पडदा ५ जुलैला लावला आणि पहिला डाग त्यानंतर चार दिवसांनी दिसला. ही सांगड मला सुचलीच नव्हती.

औंधची_ओसरी | १७ जुलै, सकाळी ११:१०

घाटवाट यांचे निरीक्षण सुंदर आहे, पण ते जसेच्या तसे गॅलरीत आणता येत नाही, हे मी किंमत मोजून शिकले आहे. त्याच विचाराने मी चार फॅलेनॉप्सिस लाकडाच्या फळ्यांवर बांधली होती. पावसाळ्यात ती दृष्ट लागण्यासारखी वाढली. मार्चपासून पुण्याची हवा कोरडी पडली, एप्रिलमध्ये पारा चाळिशीला गेला आणि दिवसातून तीन वेळा पाणी मारूनही दोन झाडे वाळून गेली. पुणे म्हणजे ताम्हिणी नव्हे, इथे चार महिने ओल आणि चार महिने भट्टी असते.

माझा आताचा मार्ग मधला आहे. डेंड्रोबियमसाठी जाळीची कुंडी, तिच्यात विटांचे आवळ्याएवढे तुकडे आणि लोणारी कोळसा, वर मूठभर नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडण आधी दोन दिवस पाणी बदलत भिजवायचे, कारण त्यात क्षार असतात. फॅलेनॉप्सिससाठी पाइनची साल आणि कोळसा, मॉस फक्त उन्हाळ्यात वरच्या थरापुरते. पावसाळ्यात पडद्याच्या आत एक लहान पंखा दिवसभर मंद गतीवर चालतो. तो थेट झाडांवर सोडलेला नाही, भिंतीकडे वळवलेला आहे. पंखा आणल्यापासून तीन पावसाळे झाले आणि मऊ कूज एकदाच आली, तीही वीज दोन दिवस नव्हती तेव्हा.

माडाच्या_सावलीत | १७ जुलै, दुपारी ३:३०

विटांचे तुकडे घेताना नव्या पक्क्या विटा फोडून घ्याव्यात. बांधकामावरच्या जुन्या विटांना सिमेंट आणि चुना लागलेला असतो.

पेठेतली_कुंडी | १७ जुलै, दुपारी ४:००

आमच्या वाड्याच्या खिडकीत वारा चोवीस तास आरपार असतो, हे मी आजवर मोजतच नव्हते. दालचिनीचे श्रेय थोडे कमी करायला हवे.

नवखा_माळी | १९ जुलै, रात्री ९:००

मला वाढदिवसाला मिळालेल्या फॅलेनॉप्सिसचे मधले कोवळे पान काळे पडले आहे. बाकी तीन पाने हिरवी आणि टणक आहेत. मी रोज रात्री कामावरून आल्यावर वरून पाणी घालत होतो. हे झाड वाचेल का?

बांधावरून | १९ जुलै, रात्री १०:१५

मधले पान अगदी हलके ओढून पाहा. ते सुटून आले तर पोंगा गेला असे समजा. फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच शेंडा असतो, डेंड्रोबियमसारखे शेजारून नवे कोंब काढत जाणे ही त्याची रीत नाही. त्यामुळे तुम्हाला खोटा दिलासा देत नाही, हे झाड आता उंच वाढणार नाही. तरीही टाकू नका. काळा भाग कोरून काढा, पोकळीतले पाणी टिपकागदाच्या टोकाने शोषून घ्या, तिथे दालचिनीची पूड टाका आणि पोंगा पूर्ण कोरडा ठेवा. कूज खाली बुंध्यात उतरली नाही आणि मुळे जिवंत असली, तर काही महिन्यांनी बुंध्यापासून बाजूला पिल्लू फुटण्याची शक्यता असते.

आणि यापुढे पाणी सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत पोंगा सुकेल. जमत नसेल तर रात्री देण्यापेक्षा एक दिवस न दिलेले चांगले.

हिरवा_कोपरा | २० जुलै, सकाळी ८:४०

सगळेच काळे डाग कूज नसतात, हेही नव्या मंडळींनी लक्षात ठेवावे. उन्हाने भाजलेला डाग उन्हाच्या बाजूलाच असतो, आधी फिकट पांढरा होतो, मग वाळून काळा पडतो, कडक राहतो आणि वाढत नाही. सर्वांत खालचे एकटे पान पिवळे पडून गळणे हे तर झाडाचे नेहमीचे चक्र आहे. मी पहिल्या वर्षी अशी तीन धडधाकट पाने कापून टाकली होती आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. शंका असेल तेव्हा डागाच्या कडेवर पेनाने रेघ मारावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. डाग रेघेबाहेर गेला तर ब्लेड घ्यावे.

रसायनशाळा | २० जुलै, दुपारी २:१५

पेनाची युक्ती फारच चांगली आहे. आणखी एक भर घालते: जुलै आणि ऑगस्टमध्ये नत्र जास्त असलेले खत देऊ नये. ढगाळ हवेत त्याने पाने लुसलुशीत आणि मऊ होतात आणि कुजीला सोपी पडतात.

बाल्कनीतली_जाई | २८ ऑगस्ट, रात्री ९:१०

सर्वांना सहा आठवड्यांनंतरचा वृत्तांत देते आहे.

मऊ कूज झालेल्या फॅलेनॉप्सिसची दोन पाने कापली. कापलेल्या जागेच्या कडेवर रोज पेनाची रेघ मारून पाहिले, कूज पुढे सरकली नाही. आता त्याला तीनच पाने आहेत, पण मुळांची टोके हिरवी झाली आहेत. डेंड्रोबियमच्या छेदात जांभळे कडे नव्हते. दोन कांड्यांपर्यंत कापत गेले तेव्हा स्वच्छ गर लागला, आणि फोसेटिल दोनदा दिल्यावर उरलेल्या चार कांड्या टिकल्या. मूळकूज झालेले झाड अजून सुरकुतलेलेच आहे, तरी बुंध्यातून एक नवे मूळ तांदळाच्या दाण्याएवढे डोकावले आहे. मधल्या काळात आणखी एक फॅलेनॉप्सिस गेले. त्याची कूज बुंध्यात उतरली होती आणि मी दोन दिवस गावी गेले होते. ते पिशवीत बांधून टाकताना डोळ्यांत पाणी आले.

बाकी सगळ्या फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या एका रविवारी उलट्या केल्या. सातपैकी पाच कुंड्यांत तो मधला गोळा निघाला. शोभेच्या कुंड्या काढून टाकल्या, कुंड्या जरा कलत्या टांगल्या, पडदा फक्त जोराच्या सरीपुरता सोडते आणि पंखा लावला आहे. नवा डाग गेल्या बावीस दिवसांत नाही.

घाटवाट | २८ ऑगस्ट, रात्री १०:००

तांदळाच्या दाण्याएवढे मूळ ही आजची सर्वांत चांगली बातमी आहे. त्याला हात लावू नका, टोक फार नाजूक असते.

नवखा_माळी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

हा धागा वर आणतो आहे. ज्या झाडाचा पोंगा गेला होता ते मी सांगितल्याप्रमाणे ठेवले होते. आज सकाळी पाणी देताना बुंध्याच्या डाव्या बाजूला, जुन्या पानाच्या बेचक्यातून मुगाएवढे हिरवे टोक दिसले. आधी मला ते मूळ वाटले, पण ते चपटे आहे आणि त्याला मध्ये चीर आहे. हे पिल्लू आहे का? असल्यास ते वेगळे केव्हा करायचे?

बांधावरून | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

चपटे आणि चिरलेले म्हणजे पानांची जोडीच आहे, पिल्लूच म्हणायचे. मनापासून आनंद झाला. फुलांच्या दांड्यावर आलेले पिल्लू मुळे फुटल्यावर वेगळे करतात. हे बुंध्यापासूनचे आहे, ते वेगळे करू नका. जुनी पाने आणि मुळे त्यालाच पोसणार आहेत. आता थंडीत वाढ मंद राहील, फेब्रुवारीपर्यंत फारसे काही दिसले नाही तरी घाबरू नका. पाणी सकाळी, आणि त्या बेचक्यात थेंब राहिला तर टिपकागद.

बाल्कनीतली_जाई | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

नवखा_माळी, फोटो नक्की टाका. माझ्या तिसऱ्या झाडाचे ते मूळ आता बोटभर लांब आहे आणि कालच दुसरे फुटले.

नवखा_माळी | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

संध्याकाळी उजेड असताना काढतो. तोवर कुंडी खिडकीतून अजिबात हलवत नाही.